देणाऱ्याची वही, घेणाऱ्याची वही

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. इरिला नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाके करवून घेतले आणि खाली ‘वर्ष ४६’ अशी नोंद ठेवली. मला यांत सर्वांत वाचनीय वाटतो तो अडुथुम नावाच्या एका शकाचा लेख. त्याने करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने जमीन लावून दिली आणि वडांसाठी आणखी नऊ. म्हणजे रोपाला पाणी कोण घालणार आणि घालणारा खाणार काय, याचा विचार खड्डा खणण्याआधी झालेला होता. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेखही इथेच आहेत. त्याच काळात नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भिक्षूंचा खर्च चालवायचा, असा तो करार होता.

तंत्रज्ञान-कंपन्यांच्या समाजकार्यावरच्या पुस्तकाची प्रस्तावना दोन हजार वर्षे मागून सुरू करायचे कारण एवढेच, की देणगीबरोबर देखभालीची तरतूद करण्याची अक्कल या भागात फार जुनी आहे. आज जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही गावात ‘कंपनीने काय दिले?’ असे विचारा, यादी लगेच मिळते. ‘त्यातले आज काय चालू आहे?’ असे विचारले की उत्तर देणारा आधी शेजाऱ्याकडे बघतो. हे पुस्तक दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

नव्या वाचकासाठी आधी कायद्याचे. गावात ज्याला सरसकट ‘सीएसआर’ म्हणतात, त्याला आधार आहे तो कंपनी कायदा, २०१३ मधल्या कलम १३५ चा. १ एप्रिल २०१४ पासून तो लागू झाला. कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कुठल्या कामांवर, ते सातव्या अनुसूचीत दिले आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे, टीव्हीवरचे प्रायोजकत्व असले एकदिवसीय कार्यक्रम यात धरायचे नाहीत, असे सरकारला २०१४ च्या जूनमध्येच परिपत्रक काढून सांगावे लागले. कायदा लागू होऊन तीन महिने झाले नव्हते, यावरून कंपन्यांची पहिली धाव कुठल्या दिशेने असेल ते ओळखावे. २०२१ मध्ये नियम कडक झाले. खर्च न झालेला पैसा वेगळ्या खात्यात टाकणे, मोठ्या प्रकल्पांचे परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेणे, प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक झाले. पहिल्या वर्षी देशभरात सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले होते. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३० हजार कोटींच्या घरात गेला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा असतो.

मोठा वाटा राज्याला मिळतो म्हणजे तो आंबेगावातल्या आहुपे गावाला मिळतो असे नाही. कंपन्यांची कार्यालये हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात. कारखाने पिंपरी, चाकण, रांजणगावला. ‘परिसर’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मुळशी, मावळ, हवेली येते. नारायणगाव पुण्यापासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. सकाळी निघून कार्यक्रम उरकून संध्याकाळी परतता येते, म्हणून तेही जमते. डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना मुक्काम लागतो. अंतराचा हा हिशेब कुठल्याच धोरणात लिहिलेला नसतो, पण निधीची वाट तोच ठरवतो, असे माझे मत आहे.

कायद्याच्या आधीही हे सगळे होते, फक्त त्याला नाव नव्हते. महाराष्ट्रात उद्योगाने समाजाला द्यावे या विचाराच्या निदान चार परंपरा दिसतात आणि त्या आजही एकमेकींत मिसळून चालतात.

पहिली वसाहत उभारणाऱ्या कारखानदाराची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखान्याबरोबर गावच वसवले. शाळा, दवाखाना, पाणी सगळे कारखान्याचे. यात आपुलकी होती आणि मालकीही. त्याच काळात याच पुणे जिल्ह्यात दुसरे टोक दिसले. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण घेतले आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. वीज हे त्या काळचे सर्वांत आधुनिक तंत्रज्ञान होते. ज्या उद्योगसमूहाचे दातृत्व देशभर नावाजले गेले, त्याच समूहाच्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरे गेली. समाजकार्याच्या इतिहासात मुळशीचा उल्लेख सहसा नसतो. मला तो पहिल्या पानावर हवा असे वाटते, कारण ‘परत देणे’ या बोलण्याला अर्थ येतो तो आधी काय घेतले हे मांडल्यावर.

दुसरी परंपरा विश्वस्ताची. गांधीजींनी धनिकाला विश्वस्त म्हटले आणि पुढे अनेक उद्योगघराण्यांनी न्यास काढले. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची प्रतिष्ठाने याच घरातली. इन्फोसिस फाउंडेशन १९९६ मध्ये, म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी सुरू झाले. टीसीएसमध्ये फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास संगणकावरून प्रौढ साक्षरतेचे धडे तयार झाले, त्यांत मराठीही होती. कंपनीने पैशाऐवजी आपले कसब दिल्याचे हे चांगले उदाहरण.

तिसरी सहकाराची. इथे देणारा-घेणारा हा भेदच तत्त्वतः नाही. आंबेगावात भीमाशंकर आणि जुन्नरात विघ्नहर साखर कारखाना आहे. कारखान्याकडून शाळेला काही मिळाले तर सभासद त्याला उपकार समजत नाही, उसाच्या भावातून ते वळते झाले आहे हे त्याला ठाऊक असते. या परंपरेने तंत्रज्ञानाचाही एक मोठा धडा दिला. वारणानगरला १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला, सत्तर गावांत संगणक केंद्रे निघाली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले असे पुष्कळ मनसुबे होते. प्रत्यक्षात शेतकरी तिथे जाई तो आपल्या उसाचे वजन, तोडीची तारीख आणि बिल बघायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हीच माहिती साध्या मोबाईलवर संदेशाने देऊन पाहिली आणि तेवढ्याने काम भागले. शेतकऱ्याला काय हवे हे त्याच्या वागण्यातून कळायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

चौथी परंपरा गावात जाऊन राहणाऱ्या तंत्रज्ञाची. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून १९८३ मध्ये आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सोडलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती हे सगळे हाताने करत शिकली आणि शिकता शिकता गावाची कामे करून देऊ लागली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबची बाहेरच्या जगातली पहिली शाखा निघाली ती पाबळला. मला या चौघींत ही परंपरा सर्वांत जवळची वाटते. अवजार बिघडले तर दुरुस्त करणारा हात गावातच तयार असतो, हे तिचे वैशिष्ट्य.

आता खुद्द या दोन तालुक्यांकडे. ‘मागास भागात तंत्रज्ञान पोहोचवणे’ अशी भाषा अहवालांत वाचली की मला आर्वी आठवते. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाईंचे नाव असलेल्या या केंद्रातून भारताचे संभाषण समुद्रापार जाऊ लागले. पुढे ते विदेश संचार निगमकडे आले आणि २००२ मध्ये निगमच टाटा समूहाकडे गेला. जुन्नर तालुक्यातून परदेशाशी बोलणे होत होते, त्या काळात तालुक्यातल्या बहुतेक वाड्यांत फोन नव्हता आणि पुढे कित्येक वर्षे तो आला नाही. तंत्रज्ञान गावात असणे आणि गावाचे असणे यांत केवढे अंतर असते ते इथे दिसते.

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातल्याच खोडदचे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने इथे महाकाय मीटरतरंग दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली तारेची जाळी वापरल्याने त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ इथे निरीक्षणाची वेळ मागतात. ही कंपनी नव्हे, सरकारी पैशावरची संशोधन संस्था. तरीही या पुस्तकात ती महत्त्वाची आहे, कारण देवाणघेवाणीचा हिशेब इतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

जागा निवडताना पाहिले गेले ते डोंगरांचा आडोसा, पुण्याची जवळीक आणि मुख्य म्हणजे शांतता. ही शांतता कानाची नाही, रेडिओलहरींची. विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी, वेल्डिंगचे मशीन, मोबाईलचा टॉवर यांचा दुर्बिणीला उपद्रव होतो. म्हणून परिसरात उद्योगांवर निर्बंध आले. अलीकडे पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेची नारायणगाववरून जाणारी आखणी याच कारणाने अडली आणि ‘दुर्बीण की रेल्वे’ असा वाद चावडीपासून विधानसभेपर्यंत गेला. म्हणजे विज्ञानासाठी या तालुक्याने रोजगाराच्या काही शक्यता बाजूला ठेवल्या. बदल्यात मिळाले काय? २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दुर्बिणीचे दरवाजे उघडतात, आसपासच्या शाळांची मुले प्रयोग मांडतात, शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलतात. ही गोष्ट लहान नाही. ग्रामीण शाळेतल्या मुलाला जगातली पहिल्या दर्जाची दुर्बीण बांधावरून दिसते, हे भाग्य मुंबईच्या मुलालाही नाही. पण तालुक्याने दिलेल्याच्या तुलनेत ते पुरेसे आहे का, हा प्रश्न राहतोच. माझ्या मते नाही. आणि यात शास्त्रज्ञांपेक्षा दोष आहे तो शांततेची किंमत कधीच न ठरवणाऱ्या शासनाचा.

आंबेगावचे देणे पाण्याचे आहे. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच पाण्याखाली गेले. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. पाणी खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जाते. वरचा महादेव कोळी शेतकरी पावसाळ्यात चिखलात आणि उन्हाळ्यात हंड्यामागे. इथे डॉ. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने विस्थापितांबरोबर जे काम केले, ते कुठल्याही कंपनीच्या अधिकाऱ्याने नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात वाचावे. जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी राहिली. उतारावर दगडी बांध घालून भातखाचर तयार करण्याची ‘पडकई’ ही आदिवासींची सामूहिक श्रमाची रीत सरकारी योजनेच्या चौकटीत आणण्यासाठी पाठपुरावा झाला. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

दोनच वर्षांनी, ३० जुलै २०१४ ला पहाटे आंबेगावातले माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे मेली. गाव जागेवर नाही हे बाहेर कळले ते एसटीच्या चालकाकडून. उपग्रह भूकेंद्र आणि जागतिक दुर्बीण शेजारच्या तालुक्यात असताना ही बातमी एसटीने आणली. दुर्घटनेनंतर उतारावर यंत्राने झालेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवले गेले, काहींनी अतिवृष्टीला आणि डोंगराच्या ठिसूळपणाला कारण मानले. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण हाताने दगड रचत, पाण्याची वाट बघत केलेली पडकई आणि जेसीबीने दोन दिवसांत उरकलेली पडकई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथला कोणीही म्हातारा सांगेल. कायदा लागू होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मदतीचा ओघ मोठा आला, पुनर्वसनाचे गाव उभे राहिले. पर्जन्यमापक, दरडीची पूर्वसूचना, वाडीवाडीला चालणारा फोन या गोष्टींकडे मात्र तंत्रज्ञान-कंपन्यांनी आपले हक्काचे काम म्हणून पाहायला हवे होते.

त्यांनी पाहिले कशाकडे? मुख्यतः शाळेकडे. जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत जाऊन बघा. भिंतीवर कंपनीचे बोधचिन्ह, खाली उद्घाटनाची तारीख. कपाटात टॅब, वीसपैकी सातांची बॅटरी फुगलेली. ई-लर्निंगचा संच प्लास्टिकच्या आवरणात, कारण इन्व्हर्टर गेला आहे आणि त्याची बॅटरी सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, पैशात बसत नाही. संचातला अभ्यासक्रम जुन्या पुस्तकाचा. नवे पाठ चढवायला सांकेतिक शब्द लागतो आणि तो कंपनीतर्फे काम करणाऱ्या संस्थेच्या ज्या मुलाकडे होता त्याने नोकरी बदलली. गुरुजींना दोष देऊ नका. संच शाळेच्या जडसंग्रहात चढला आहे, त्यामुळे तो मोडीतही काढता येत नाही. दोन वर्षांनी दुसरी कंपनी येते आणि ‘डिजिटल शाळा’ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अडुथुमची वीस निवर्तने आठवतात ती इथे.

उलट उदाहरणेही आहेत आणि ती सहसा दिखाऊ नसतात. सौर पंपाची दुरुस्ती करणारी दोन मुले तयार करणे, बचतगटाच्या हिशेबाचे साधे सॉफ्टवेअर मराठीत करून देणे, हिरड्याचा भाव वाडीवर आधी कळेल अशी सोय करणे. यांचा फोटो नीट येत नाही, ही त्यांची अडचण.

आत्ताच हे पुस्तक का, याला दोन कारणे आहेत. एक बिबट्याचे. जुन्नर वनविभागात ऊस वाढला आणि बिबट्या उसात राहू लागला. या शतकाच्या सुरुवातीला पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचा उपाय झाला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने तो उपाय उलटा पडतो हे दाखवले. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण पिंजऱ्यांना मर्यादा आहे. आता बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारे कॅमेरे आले आहेत. चांगले आहेत. पण शेतकऱ्याला रात्री उसात जावे लागते कारण मोटारीची लाईट रात्रीची असते. दिवसा वीज मिळाली तर भोंग्याचे निम्मे काम वाचेल. कंपनीला कॅमेरा देता येतो, विजेचे वेळापत्रक बदलता येत नाही. म्हणून प्रश्न कॅमेऱ्याच्या मापाचा करून घेतला जातो. ही खोड कंपन्यांची एकट्यांची नाही, आपणही फंड कशाला मिळेल ते बघून प्रश्न मांडायला शिकलो आहोत.

दुसरे कारण माहितीचे. बारामतीत कृषी विकास ट्रस्ट आणि मायक्रोसॉफ्ट यांनी उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतले संवेदक, उपग्रहचित्रे आणि हवामानाची नोंद एकत्र करून शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला मिळतो. असेच प्रयोग नारायणगावच्या टोमॅटोवर आणि जुन्नरच्या द्राक्षांवर होणार, यात शंका नको. सल्ला फुकट मिळेल. पण मातीची, पाण्याची, पिकाची माहिती कंपनीकडे जाईल आणि तिच्यावर पुढे जी प्रणाली घडेल तिची किंमत त्या सल्ल्याहून किती मोठी असेल, ते आज कोणी सांगत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. शेताच्या माहितीचा धनी कोण, हे त्याने पुरते सुटत नाही. अशा व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ग्रामसभेने आधी विचारून घेतलेले बरे.

या संग्रहात शिक्षक, सरपंच, ग्रामसेवक, बचतगटाच्या ताई, कंपन्यांत समाजकार्याचा विभाग सांभाळणारी माणसे आणि खोडद-आर्वी परिसरात नोकरी केलेली माणसे लिहिती झाली आहेत. त्यांचे एकमेकांशी पटत नाही आणि संपादकांनी ते पटवण्याचा खटाटोप केलेला नाही, हे बरे झाले. एकाच प्रकल्पाचा कंपनीच्या अहवालातला उतारा आणि गावाने सांगितलेली हकिगत शेजारी छापली आहे. कंपन्यांना क्रमांक दिलेले नाहीत, कोणाची आरती नाही. काही लेखांत कंपनीचे नाव गाळले आहे; लिहिणाऱ्याच्या शाळेला पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच दारात जायचे आहे, हे त्यामागचे कारण संपादकांनी लपवलेले नाही. काही उणिवा मला जाणवतात. पश्चिमेकडच्या वाड्यांतल्या बायकांचा आवाज कमी आहे, कातकरी जवळजवळ नाहीत, आणि पुण्यात संगणकावर काम करणाऱ्या जुन्नरच्या मुलांनी यात्रेच्या वर्गणीबरोबर शाळेला जे गुपचूप दिले त्याची नोंद अपुरी आहे.

पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली आहे. कंपनीचा माणूस गावात आला की ठराव करण्याआधी काय विचारायचे, याची ती यादी: तिसऱ्या वर्षानंतर बॅटरी कोण बदलणार, सांकेतिक शब्द कोणाकडे राहणार, वस्तू नको असेल तर परत घेणार का, अहवाल मराठीत मिळणार का. कंपन्यांना प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते हे वर आलेच, पण ती बहुधा इंग्रजीत असते आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याने वाचावी अशी तिची मांडणी नसते. एखाद्या ग्रामपंचायतीने पुस्तकातली बाकी पाने न वाचता फक्त ती प्रश्नावली झेरॉक्स करून फलकावर लावली, तरी संपादकांची हरकत नाही. तसे त्यांनी मला कळवले आहे.